सोलरचे युनिट घटले? पॅनल बदलण्याआधी एवढं तपासा (समुद्रकाठच्या घरांसाठी)

आधी लक्षणं. यातलं एखादं तुमच्याकडे दिसत असेल तर पुढे वाचा.

तीन किलोवॅटचा सेट मार्चच्या स्वच्छ उन्हात दिवसाला १२-१३ युनिट द्यायचा, तो आता नऊवर अडकलाय. पावसात किंवा दव पडलेल्या सकाळी इन्व्हर्टरवर लाल दिवा लागतो, ‘आयसो फॉल्ट’ किंवा ‘इन्सुलेशन लो’ असं काहीतरी दिसतं, दहा-अकराला ऊन चढलं की तो आपोआप सुरू होतो आणि घरातले विसरून जातात. भर दुपारी, ऊन सगळ्यात कडक असताना, इन्व्हर्टर बंद पडतो, लागतो, पुन्हा पडतो. एखाद्या दिवसापासून उत्पादन अचानक निम्म्यावर येतं. किंवा आकडे अजून ठीक आहेत, पण पॅनलच्या खालच्या कडेला काळी पट्टी धरलीय, बोल्टांखाली तांबडे ओघळ आहेत आणि ॲल्युमिनियमच्या चौकटीवर पांढरी पूड दिसते.

देवगड ते वेंगुर्ला या पट्ट्यात सोलर बसवणं आणि दुरुस्त करणं हेच माझं काम. वरची लक्षणं घेऊन येणारे दहातले आठ फोन एकाच वाक्याने सुरू होतात: ‘पॅनल गेली वाटतं.’ मालवणजवळच्या एका काकींनी तर विचारलं, “बिल परत पयल्यासारख्याच येवक लागला. पॅनलां गेली म्हणतत, खरा काय रे?” सेट बसवणाऱ्याने पाच वर्षांतच नऊच्या नऊ पॅनलं बदलायचा अंदाज त्यांच्या हातात ठेवला होता. त्यांच्या छपरावर काय निघालं ते पुढे सांगतो. इतकं आत्ताच सांगून ठेवतो की खाऱ्या वाऱ्यात काच आणि तिच्यामागचं सिलिकॉन सहसा टिकतं; आधी सडतात ते सांधे. जोड, बोल्ट, पेटी, अर्थिंगची पट्टी. तपासायचं ते तिथे.

आधी आकडेमोड, मग शिडी

याला पैसा लागत नाही आणि छपरावर चढावंही लागत नाही. इन्व्हर्टरच्या ॲपमध्ये किंवा डिस्प्लेवर महिन्याचे युनिट असतात. या मार्चची तुलना गेल्या मार्चशी करा. जुलैशी करू नका; पावसाळ्यात आपल्याकडे उत्पादन मार्चच्या निम्म्याच्या आसपास येतं आणि तो बिघाड नव्हे.

मे महिन्यातही लोक फसतात. ऊन जास्त म्हणजे वीज जास्त असा सरळ हिशेब असतो. पॅनलवर लिहिलेले वॅट २५ अंश तापमानाला मोजलेले असतात. त्यापुढे प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के वीज कमी होते. दुपारी पॅनल ६०-६५ अंशांपर्यंत तापलं की १२ ते १५ टक्के तिथेच गेले. पत्र्याला अगदी चिकटून बसवलेलं पॅनल, खालून वारा नाही, तर आणखी.

आता वयाचा हिशेब. चांगलं पॅनल पहिल्या वर्षात दोन-तीन टक्के उतरतं, नंतर दरवर्षी साधारण अर्धा ते पाऊण टक्का. म्हणून तर कंपन्या २५ वर्षांनंतर ८० टक्क्यांच्या आसपास ताकद उरेल अशी हमी देऊ शकतात. पाच वर्षांच्या सेटला पाच-सहा टक्के घट म्हणजे साडेबाराचे पावणेबारा युनिट. नऊ नव्हे. ही आकडेमोड करून ठेवली की ‘वय झालं’ हे उत्तर कुणी तुमच्या गळ्यात मारू शकत नाही. स्वित्झर्लंडमधल्या लुगानोला १९८२ साली बसवलेली पॅनलं पस्तीस वर्षांनंतरही वीज देत होती. काचेमागच्या थराची प्रत चांगली होती ती जास्त टिकली, हलकी होती ती कमी. तिथे समुद्र नाही, हे मात्र खरं.

आणखी एक. बिल वाढलं म्हणजे सोलर घटला असं नाही. पिकवलेले युनिट इन्व्हर्टर सांगतो. बिलात दिसतं ते महावितरणकडून घेतलेलं आणि त्यांना दिलेलं. नवा एसी, माडांना पाणी द्यायचा पंप, गणपतीला आलेले मुंबईकर, हे सगळं बिलात येतं, इन्व्हर्टरमध्ये नाही. असे निम्मे फोन मी फोनवरच मिटवतो.

लाइट आणि लाइन

साधा ऑन-ग्रिड सेट, म्हणजे बॅटरी नसलेला, महावितरणच्या लाइनला जोडलेला, लाइट गेली की बंद होतो. तो तसा व्हावाच लागतो, नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनच्या अंगावर तुमच्या छपरावरची वीज जाईल. लाइट आल्यावरही तो काही मिनिटं थांबून मगच जोडला जातो. जूनमध्ये फांद्या पडून दुपारभर लाइट नसेल तर त्या दुपारचे युनिट शून्य. ॲपमध्ये घटनांची यादी असते, ती उघडून वेळा बघा.

भर दुपारी वारंवार ट्रिप होत असेल आणि नोंद ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’ची असेल, तर एक सोपी तपासणी आहे. ऊन कडक असताना इन्व्हर्टरच्या डिस्प्लेवर एसी व्होल्टेज बघा, आणि लगेच महावितरणच्या मीटरवर फिरत्या आकड्यांमध्ये व्होल्टेज येतं ते बघा. दोन्हीकडे सारखंच जास्त असेल तर दोष लाइनचा. तक्रार महावितरणकडे करायची, सोलरवाल्याकडे नाही. मीटरवर २४२ आणि इन्व्हर्टरवर २५५ असा फरक असेल तर दोष तुमच्याच घरात, मधली वायर बारीक आहे किंवा कुठेतरी स्क्रू सैल होऊन गंजलाय. वीज बाहेर ढकलताना त्या अडथळ्यावर व्होल्टेज चढतं आणि इन्व्हर्टर घाबरून बंद होतो. एवढा फरक म्हणजे तिथे उष्णताही तयार होतेय, तेव्हा इलेक्ट्रिशियन त्याच आठवड्यात बोलवा.

सावली

सेट बसवला तेव्हा शेजारचा माड केवढा होता हे कुणाच्या लक्षात राहत नाही. पाच वर्षांत कलमं वाढतात, शेजारी टाकी चढवतात, कुणीतरी डिशची छत्री लावतं. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन अशा तीन वेळा खालून, अंगणातूनच, पॅनलांचे फोटो काढा. डिसेंबर-जानेवारीत एकदा आणि मे महिन्यात एकदा. कारण डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो आणि सावल्या लांबतात, तर मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत आपल्या भागात दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे जातो. पॅनलांच्या उत्तरेला उभी असलेली टाकी वर्षभर निरुपद्रवी असते आणि नेमकी मे महिन्यात सावली टाकते. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मीच दोन चकरा वाया घालवल्या होत्या.

एका झावळीची सावली म्हणजे फार काय, असं वाटतं. पण पॅनलमधले सेल तीन साखळ्यांत एकामागे एक जोडलेले असतात. एक सेल झाकला की त्या साखळीचा करंट अडतो, मग बायपास डायोड तो भाग बाजूला काढतो आणि पॅनलचा तिसरा हिस्सा गप्प होतो. झावळी तोडायला माडावर चढणाऱ्याला जेवढे पैसे द्याल, त्याहून स्वस्त दुरुस्ती या लेखात दुसरी नाही.

धुणं

याच्यावर जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त युनिट इथेच सापडतात आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथेच होतं.

नोव्हेंबर ते मे दुपारचे खारे वारे समुद्राकडून येतात आणि पॅनलवर मिठाचा पातळ थर बसवत राहतात. त्यावर रस्त्याची आणि चिरेखाणीची तांबडी धूळ चिकटते. रात्री दव पडतं, मीठ ते ओढून घेतं, सकाळी चिखल होतो, दुपारी तो भाजून निघतो. पावसाळ्यात मीठ धुऊन जातं, पण कावळ्यांची घाण आणि शेवाळ जात नाही.

खालच्या कडेची काळी पट्टी मात्र वेगळी बघायला हवी. पॅनलच्या चौकटीला बारीक उंचवटा असतो. पाणी ओघळून तिथे अडतं, आटतं, गाळ मागे राहतो आणि त्यावर शेवाळ धरतं. पट्टी दिसायला दोन बोटं रुंद. पण पॅनल उभं (लांब बाजू वर-खाली) बसवलेलं असेल तर सगळ्यात खालच्या ओळीतले सेल तिन्ही साखळ्यांत वाटलेले असतात, म्हणजे ही दोन बोटं तिन्हींचा गळा एकदम धरतात. वरची सगळी काच आरशासारखी लखलखीत, आणि युनिट पंधरा-वीस टक्के कमी, हे मी अनेक घरांत पाहिलंय. उतार कमी ठेवलेल्या सेटांना हा त्रास जास्त.

धुवायचं पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर काच तडकू शकते. पाणी गोडं हवं. खाडीकाठच्या विहिरी एप्रिल-मे महिन्यात मचूळ होतात. त्या पाण्याने धुणं म्हणजे मीठ काढून मीठ लावणं. हाताला मऊ लागणारा पोछा, लांब दांडा, साधं पाणी. कडेच्या पट्टीला ओला कपडा दहा मिनिटं ठेवून मग पुसा. कपड्यांची पावडर नको, भांड्यांचा तारेचा चोथा नको, गाड्या धुवायचा प्रेशर पंप तर अजिबात नको. त्याचं पाणी जोडांच्या आत शिरतं. आणि पॅनलवर पाय देऊ नका. काच तुमचं वजन पेलते, आतले सेल कागदासारखे पातळ असतात, ते बारीक तडकतात. दोन-तीन वर्षांनी त्या तड्यांतून गोगलगायीच्या वाटेसारख्या रेघा उमटतात. मग ‘पॅनल खराब निघालं’ म्हणून कंपनीला शिव्या.

इन्व्हर्टरवर आयसो फॉल्ट दिसत असेल त्या दिवशी धुवायला जाऊ नका. का ते पुढे येईल. कौलारू छपरावर किंवा सिमेंटच्या पत्र्यावर घरच्या माणसाने चढायचं नाही, आणि शेवाळलेल्या स्लॅबवर अनवाणी किंवा घासलेल्या स्लिपरने जायचं नाही. सोलरच्या कामात मी पाहिलेली मोडलेली हाडं विजेने नाही, घसरून मोडलीत.

धुतल्यावर दोन स्वच्छ दिवसांचे युनिट धुण्याआधीच्या दोन स्वच्छ दिवसांशी ताडून बघा. फरक पाच टक्क्यांच्या आत असेल तर दोष दुसरीकडे आहे.

गंज

आता पॅनलांच्या खाली वाकून बघायचं. हात लावायचा नाही, मोबाईलची बॅटरी आणि डोळे पुरेत.

तांबडा ओघळ म्हणजे लोखंड सुटलंय: स्ट्रक्चरचं, म्हणजे पॅनलं ज्या सांगाड्यावर बसवलीत त्याचं, जस्त संपलंय किंवा बोल्ट साधा वापरलाय. पांढरी पूड म्हणजे ॲल्युमिनियम खातंय. स्टीलचा बोल्ट, ॲल्युमिनियमची चौकट आणि मधे खारं पाणी, एवढं जमलं की तिथे छोटी बॅटरीच तयार होते आणि त्यात बळी जातो तो ॲल्युमिनियमचा किंवा जस्ताचा. म्हणून मधे रबराचा किंवा नायलॉनचा वॉशर घालायचा असतो. बऱ्याच ठिकाणी तो नसतो. पाच रुपयांची वस्तू, पण छपरावर कोण बघायला जातंय?

बसवण्याआधीच्या वाचकांसाठी: समुद्राजवळ स्ट्रक्चर हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं) घ्या, तयार जीआय पट्ट्यांचं नको, आणि बोल्ट शक्यतो ३१६ जातीचे स्टेनलेस. ३०४ चालतात, पण दर्याच्या अगदी तोंडावरच्या घरी त्यांच्यावरही चहाच्या रंगाचे डाग पडतात. पॅनलच्या माहितीपत्रकात आयईसी ६१७०१ ही खाऱ्या धुक्याची चाचणी लिहिली आहे का बघा. काही कंपन्यांच्या पुस्तिकेत समुद्रापासूनच्या अंतराची अट असते. ती न वाचता बसवलं तर हमी मागताना तेच पान समोर येतं.

हे तपासायचं कारण युनिट नाहीत, वारं आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनकडे धडकलं, पुढच्या मे महिन्यात तौक्ते आपल्या किनाऱ्याला घासून गेलं. त्यानंतर मी जी उडालेली पॅनलं पाहिली, त्यांत काच फुटण्याआधी क्लॅम्प, म्हणजे पॅनल धरून ठेवणारी पकड, सुटलेला होता. एक क्लॅम्प सुटला की पॅनल फडफडतं, मग शेजारचा सुटतो. मिरगाच्या आधी, म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत, हे बघून झालंच पाहिजे. वरवरचा गंज असेल तर तारेच्या ब्रशने घासून जस्ताचा पेंट मारता येतो. स्ट्रक्चरच्या पायाला, खालच्या बाजूला, तो आधी मारा. बोल्ट झिजून डोकंच राहिलं नसेल किंवा पट्टीला आरपार भोक पडलं असेल तर फॅब्रिकेटर आणि सोलरवाला दोघांना एकत्र बोलवा. आपणच पाना घेऊन आवळू नका. जास्त आवळलं की काचेचा कोपरा जातो.

अर्थिंगची पट्टीही याच फेरीत बघा. ती जमिनीत शिरते त्या वितभर जागेत सगळ्यात आधी सडते. वरून सगळं ठाकठीक, आणि गवत बाजूला केलं की पट्टी दोन तुकड्यांत. जांभ्याच्या कातळावर अर्थिंग मुळातच अवघड, मे महिन्यात कातळ कोरडा झाला की आणखी कमजोर. तुटलेली दिसली तर पुढचं काही करू नका, आधी ती जोडून घ्या.

इथे थांबा

घरच्या माणसाचं काम इथे संपलं. यापुढे पेटी उघडणं, कनेक्टर सोडवणं, मीटर लावणं येतं. एकामागे एक जोडलेल्या नऊ पॅनलांच्या माळेत, म्हणजे स्ट्रिंगमध्ये, ४०० व्होल्टच्या आसपास डीसी असतो. घरातली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे ठिणगी विझायला संधी मिळते. डीसी शून्यावर येतच नाही, ठिणगी लागली की ती वेल्डिंगसारखी जळत राहते. इन्व्हर्टर बंद केला तरी ऊन आहे तोवर पॅनलं आणि त्यांच्या वायरी जिवंत असतात. नेहमीचा घरगुती वायरमन चांगला असला तरी डीसीचं काम त्याने केलेलं असेलच असं नाही, विचारून घ्या.

पुढची लक्षणं दिसली तर एक दिवसही वाट पाहायची नाही: जळका वास, पेटीवर किंवा पॅनलच्या मागे करपलेला डाग, स्ट्रक्चरला हात लागून मुंग्या आल्यासारखं होणं, फुटलेली काच, पेटीत पाणी, पॅनलांजवळ सतत चरचर. इन्व्हर्टरजवळ धूर नसेल आणि जागा कोरडी असेल तर आधी एसीचा एमसीबी आणि मग इन्व्हर्टरचा डीसी स्विच बंद करा, छपरावर कुणाला जाऊ देऊ नका, आणि फोन करा.

पुढचं मी लिहितोय ते आलेला माणूस काय करतोय हे तुम्हाला कळावं म्हणून.

सकाळचा आयसो फॉल्ट

समुद्रकाठचा हा सगळ्यात नेहमीचा आजार, आणि सगळ्यात दुर्लक्षित. सकाळी सुरू होण्याआधी इन्व्हर्टर बघतो की पॅनलांच्या वायरींमधून वीज जमिनीकडे गळतेय का. ओल्या सकाळी गळते, कारण कुठेतरी वायरीचं आवरण फाटलंय किंवा जोडात खारं पाणी शिरलंय. ऊन चढलं, जागा वाळली, गळती थांबली, इन्व्हर्टर लागला. तोवर सकाळचे दोन-तीन तास गेले. गळती होते तेव्हा चौकट आणि स्ट्रक्चरही सुरक्षित धरता येत नाही. धुवायला जाऊ नका म्हटलं ते म्हणून.

तुम्ही करायचं एवढंच: किती वाजता लागला, रात्री पाऊस होता की नुसतं दव, हे आठवडाभर लिहून ठेवा. आणि वाकून बघताना केबल कुठे लोंबतेय, कुठला जोड स्लॅबवर किंवा पत्र्याच्या पन्हळीत पडलाय, ते फोटोत पकडा. पांढरे साधे टाय उन्हात वर्षभरात तुटतात, केबल खाली येते, पत्र्याच्या कडेवर वाऱ्याने घासत राहते. वानरांनी झोके घेतले तरी तेच. माणूस आला की तो मेगरने (गळती मोजायच्या मीटरने) एकेक स्ट्रिंग तपासून दोषी भाग शोधेल, केबल बदलेल, जोड वर उचलून बांधेल.

दोन गोष्टी तो करू लागला तर त्याला खाली उतरवा. एक, इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये जाऊन आयसोची मर्यादा खाली आणणं. दोन, अर्थिंगची वायर काढून ठेवणं. दोन्हींनी लाल दिवा जातो, गळती जात नाही. रुग्णाचा ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फोडण्यातला प्रकार.

पेट्या

डीसी आणि एसीच्या पेट्यांत एसपीडी असतो, विजेचा धक्का स्वतःवर घेणारा. त्याची खिडकी हिरवी असते, संपला की लाल. आपल्याकडे मे आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात तो एका दणक्यात जातो, सेट मात्र चालू राहतो, म्हणून कुणी बघत नाही. पुढचा दणका थेट इन्व्हर्टरला. पारदर्शक झाकण असेल तर तुम्हीही बाहेरून बघू शकता. आत पाली, मुंग्या आणि कुंभारणीची मातीची घरं सापडतात. ग्लँड (वायर पेटीत शिरते तिथला आवळायचा जोड) नीट आवळलेला नसला की हे सगळे भाडेकरू येतात. पश्चिमेच्या भिंतीवर, थेट वाऱ्यात टांगलेला इन्व्हर्टर शक्य असेल तर पडवीत आत घ्यावा. इन्व्हर्टरचं आयुष्य असंही आठ-बारा वर्षांचं, पॅनलच्या निम्मंही नाही. पंख्यात आणि मागच्या पात्यांत मीठ बसलं की ते आणखी घटतं.

कनेक्टर

काकींच्या छपरावर परत येऊ. नऊ पॅनलं, ३३५ वॅटची. मोकळी ठेवून मोजली तेव्हा व्होल्टेज जवळपास बरोबर निघालं. दर पॅनलला ४५ व्होल्ट धरले तर ४०५, गरम दुपारी त्याहून थोडं कमी. एक पॅनल मेलेलं असतं तर पंचेचाळीस कमी आले असते. एक डायोड शॉर्ट असता तर पंधराच्या आसपास. दोन्ही नाही. भार दिल्यावर मात्र करंट चढेना. व्होल्टेज आहे आणि करंट नाही, म्हणजे वाटेत अडथळा.

तिसऱ्या आणि चौथ्या पॅनलच्या मधला एमसीफोर जोड (पॅनलांच्या वायरी एकमेकींना जोडणारा प्लगसारखा कनेक्टर) पन्हळीत पडला होता. काळं प्लास्टिक एका बाजूने मऊ होऊन तपकिरी झालेलं. नराची बाजू एका कंपनीची, मादीची दुसऱ्या. दिसायला एकमेकांत बसतात, पण पिनांच्या मापात केसाएवढा फरक असतो, तो उष्णतेत आणि खारात वाढत जातो. कापून उघडलं तर आत हिरवट-काळी पूड, आणि वायरीच्या तारा क्रिम्पिंगच्या हत्याराने न दाबता पक्कडीने चेपलेल्या, तीन-चार तारा तर पिनेच्या बाहेरच. एकाच कंपनीची नवी जोडी लावली, केबल वर बांधली, बाकीचे सगळे जोड बघितले, त्यांतले दोन बदलले. खर्च हजाराच्या आत, माझी मजुरी धरून. नऊ पॅनलं अजून तिथेच आहेत. काकींनी सोलकढी आणि वर नारळ दिले ते वेगळं.

तुमच्याकडे येणाऱ्याला दोन प्रश्न विचारा: क्रिम्पिंगचं हत्यार आणलंय का, आणि डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर आहे का. दोन्हींना ‘नाही’ आलं तर चहा पाजून परत पाठवा.

आणि खरंच पॅनल गेलं असेल तर

जातात, नाही असं नाही. मागचा पांढरा थर बोटाला खडूसारखा लागतो किंवा त्याला उभ्या चिरा पडल्यात; काचेखाली बुडबुडे; सेलवर करपलेला ठिपका; मागची जंक्शन पेटी सुटून लोंबतेय. अशा पॅनलला स्ट्रिंगमधून बाहेर काढणं हाच उपाय, चिरा बुजवणं नाही.

बदलताना गंमत होते. जुनं ३३५ वॅटचं पॅनल नऊ अँपिअरच्या आसपास करंट देतं, आजचं ५५० वॅटचं तेराच्या आसपास. दोन्ही एकाच स्ट्रिंगमध्ये लावली तर नवं पॅनलही नऊवरच चालतं, शिवाय मापात मोठं, क्लॅम्प जुळत नाहीत. एक-दोनच गेली असतील तर जुन्याच मापाचं वापरलेलं शोधावं, किंवा इन्व्हर्टरच्या व्होल्टेजच्या मर्यादेत बसत असेल तर आठांवर चालवावं. नऊच्या नऊ बदलायचा सल्ला मोजमापाच्या आकड्यांशिवाय कुणी दिला तर तो कागद घडी करून ठेवा आणि दुसऱ्याला बोलवा.

हमी दोन प्रकारची असते. वस्तूची साधारण १० ते १२ वर्षं, वीज देण्याची २५. गंजलेलं स्ट्रक्चर आणि पक्कडीने चेपलेला जोड यांत कुठेच येत नाही. तो बसवणाऱ्याचा विषय. प्रधानमंत्री सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यातून सेट घेतला असेल तर पाच वर्षांची देखभाल बसवणाऱ्यावर आहे, पैसे मागितले तर करार काढून दाखवा.

फोन करताना

सेट किती किलोवॅटचा, पॅनल किती आणि किती वॅटची, इन्व्हर्टरवर अक्षरशः काय लिहून येतंय (फोटो), घट हळूहळू झाली की एका दिवसात, या महिन्याचे आणि गेल्या वर्षी याच महिन्याचे युनिट, शेवटचं कधी धुतलं, गेल्या महिन्यात जवळपास वीज पडली होती का. पॅनलच्या मागच्या लेबलचा फोटो आजच काढून ठेवा. तो कागद खाऱ्या वाऱ्यात पाच-सात वर्षांत पुसट होतो आणि सीरियल नंबरशिवाय हमीचं दार उघडत नाही. एवढं आधी मिळालं तर मी येताना बरोबर काय सामान आणायचं ते मला कळतं, आणि तुमची एक फेरी वाचते. जून लागला की मात्र चार-पाच दिवस थांबावं लागेल, तेव्हा सगळ्यांचेच लाल दिवे एकदम लागतात.